शेपटी गेली कुठे?

पावसाळा सुरू झाला, की अंबरनाथच्या बुवापाड्यात काय, उल्हासनगरात काय किंवा बदलापुरात काय, मोकळ्या जागेतल्या खड्ड्यांत पाणी साचते. रात्री बेडकांचे डराव डराव सुरू होते आणि थोड्याच दिवसांत त्या डबक्यांत काळे, शेपटीवाले, माशासारखे जीव वळवळू लागतात. हे बेडूकमासे तुम्ही पाहिले असतीलच. तुमच्यापैकी एखाद्याने ते बरणीत घालून घरीही आणले असतील आणि आईची बोलणी खाल्ली असतील. पण ज्याने ते नीट पाळले, त्याला एक गंमत दिसली असेल. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. नंतर शेपटी आखूड होऊ लागते आणि काही दिवसांत पार नाहीशी होते.

आता प्रश्न असा, की ही शेपटी गेली कुठे? तुटून पडली म्हणावे, तर बरणीच्या तळाशी तुकडा सापडत नाही. कोणी कुरतडली म्हणावे, तर जखम नाही, रक्त नाही. मग झाले तरी काय?

शेपटीतल्या पेशी मेल्या! अपघाताने मेल्या असेही नाही. ठरलेल्या वेळी, हुकूम आल्यावर, रांगेने मेल्या. बेडूकमाशाच्या अवटू ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात मिसळते. ते पायांच्या पेशींना मिळते, तेव्हा त्या वाढतात. तेच शेपटीच्या पेशींना मिळते, तेव्हा त्या मरतात. मेलेल्या पेशींचे तुकडे शेजारच्या आणि भक्षक पेशी गिळून टाकतात आणि त्यांतले द्रव्य बाकीच्या शरीराच्या कामी येते. या दिवसांत बेडूकमाशाचे तोंडही बदलत असते, त्यामुळे तो खात नाही. त्याची शिदोरी म्हणजे त्याचीच शेपटी!

म्हणजे एक बेडूक घडायला काही पेशींनी वाढावे लागते, काहींनी थांबावे लागते आणि काहींनी मरावे लागते. तुमचे-आमचे शरीरही याच तीन गोष्टींवर उभे आहे. त्या एकेक करून पाहू.

वाढ म्हणजे काय?

हत्ती मोठा असतो आणि उंदीर लहान. मग हत्तीच्या पेशीही मोठ्या असतील का? नाही. दोघांच्या बहुतेक पेशी साधारण सारख्याच आकाराच्या असतात. हत्तीत त्या संख्येने जास्त असतात, इतकेच.

पेशी फुगत फुगत मोठी का होत नाही, हे समजायला एक बटाटा घ्या. त्याचा १ सेंटिमीटर बाजूचा घन कापा. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. आता २ सेंटिमीटर बाजूचा घन कापा. क्षेत्रफळ २४, घनफळ ८. बाजू दुप्पट केल्यावर पृष्ठभाग चौपट झाला, पण आतला ऐवज आठपट झाला. पेशीला अन्न व प्राणवायू मिळतो तो पृष्ठभागातून आणि तो खर्च होतो आतल्या ऐवजासाठी. पेशी फार मोठी झाली, तर दारे कमी आणि खाणारी तोंडे जास्त अशी अवस्था होईल. म्हणून पेशी एका मर्यादेपर्यंत वाढते आणि मग तिची दोन होतात.

वाढ अंगभर सारखी होत नाही, हेही घरी पाहता येते. हरभरे रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. मोडाचे मूळ सुमारे २ सेंटिमीटर झाले, की सरळ मुळाचा एक दाणा निवडा. दोऱ्याला काळी शाई लावून मुळाच्या टोकापासून वरपर्यंत १-१ मिलिमीटरवर रेघा उमटवा. पेल्याच्या आतल्या बाजूने ओला टीपकागद लावा आणि कागद व काच यांमध्ये तो दाणा मूळ खाली ठेवून बसवा. दुसऱ्या दिवशी पाहा. टोकाजवळच्या रेघा एकमेकींपासून दूर गेलेल्या दिसतील. वरच्या रेघा मात्र जिथल्या तिथे! टोकाशी पेशी विभागतात, त्यांच्या लगेच वरच्या पेशी लांब होतात आणि त्याहून वरच्या थांबलेल्या असतात. थांबलेल्या पेशी निकामी झाल्या असे समजू नका. झाडाला धरून ठेवण्याचे आणि पाणी वर नेण्याचे काम त्याच करतात.

एकाची दोन

पेशीची दोन होणे म्हणजे भाकरीचे दोन तुकडे करण्याइतके सोपे नाही. तुकडा केला तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी भाकरी येते. इथे दोघींनाही पूर्ण वारसा मिळाला पाहिजे. हा वारसा डी.एन.ए.च्या रूपाने केंद्रकात असतो. माणसाच्या एका पेशीतला डी.एन.ए. ताणून सरळ केला, तर सुमारे २ मीटर भरेल. आणि तो बसलेला असतो मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात! विभाजनापूर्वी या सगळ्याची नक्कल तयार होते. मग तो गुंडाळला जाऊन त्याची गुणसूत्रे दिसू लागतात. माणसात ती ४६ असतात. गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर रांगेत येतात, प्रत्येकाच्या दोन प्रती तर्कूच्या तंतूंनी दोन टोकांकडे ओढल्या जातात आणि मग पेशी मध्ये आवळली जाऊन तिची दोन होतात. वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ साली आपल्या ग्रंथात हे सारे तपशीलवार वर्णन केले.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीला या पूर्ण फेरीला साधारण २४ तास लागतात. त्यांपैकी प्रत्यक्ष फाळणीला लागतो जेमतेम एक तास. बाकीचा वेळ वाढ, नक्कल आणि तपासणी यांत जातो. होय, तपासणी! नक्कल पूर्ण झाली का? डी.एन.ए. कुठे तुटला आहे का? सगळी गुणसूत्रे तंतूंना नीट जोडली गेली का? ठरावीक टप्प्यांवर पेशी थांबते आणि सगळे ठीक असेल तरच पुढे जाते. हे चक्र चालवणारी यंत्रणा शोधून काढल्याबद्दल लीलंड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हार्टवेल आणि नर्स यांनी हे काम यीस्टवर केले. पाव फुगवणारे यीस्ट आणि आपण यांत पेशी विभागण्याची रीत मुळात एकच आहे!

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल, तर कांद्याच्या मुळांच्या टोकात हे विभाजन बघता येते. कांद्याची गुणसूत्रे फक्त १६ आणि चांगली जाडजूड, त्यामुळे ती स्पष्ट दिसतात. मात्र यात आम्ल वापरावे लागते, म्हणून हा प्रयोग शिक्षकांसमवेतच करावा.

आता थोडे गणित. तुमचे शरीर एका पेशीपासून सुरू झाले. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ, असे ४५ वेळा दुप्पट केले, तर संख्या येते सुमारे ३५ लाख कोटी. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण तेवढ्याच पेशी असतात. प्रत्येक पेशी रोज विभागत राहिली, तर ४५ दिवसांत पूर्ण माणूस तयार होईल आणि ४६ व्या दिवशी तो दुप्पट होईल! असे होत नाही, कारण बहुतेक पेशी बहुतेक वेळ थांबलेल्या असतात.

थांबण्याची शिस्त

खेळताना गुडघा खरचटतो. जखमेच्या कडेच्या पेशी विभागू लागतात आणि दोन्ही कडांनी पुढे सरकत जखम बुजवतात. कडा एकमेकींना भिडल्या, की काम थांबते. नवी कातडी वाढत वाढत गुडघ्यावर डोंगर झालेला कधी पाहिला आहे का? काचेच्या बशीत पोषकद्रव घालून निरोगी पेशी वाढवल्या, तरी हेच दिसते. बशीच्या तळाशी पेशींचा एक थर पूर्ण झाला आणि चहूबाजूंनी शेजारणी टेकल्या, की विभाजन थांबते. यकृताचा तर कमालच आहे. शस्त्रक्रियेत त्याचा मोठा भाग काढला, तरी उरलेला भाग वाढून पहिल्याइतका होतो आणि मग थांबतो.

याशिवाय आणखी एक मर्यादा आहे. अमेरिकेतील लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवले, की बशीत वाढवलेल्या माणसाच्या साध्या पेशी सुमारे ५० वेळा दुप्पट होतात आणि मग त्यांचे विभाजन थांबते. गुणसूत्रांची टोके दर विभाजनाच्या वेळी थोडी थोडी झिजतात, हे याचे एक कारण पुढे सापडले.

गळणारे पान

आता मरणाकडे वळू. पेशी दोन प्रकारे मरते. पहिला प्रकार अपघाताचा. उकळते पाणी हातावर सांडले, तर पेशी फुगतात, फुटतात, आतले द्रव्य बाहेर सांडते. मग तिथे लाली येते, सूज येते. दुसरा प्रकार अगदी शांत असतो. पेशी आकसते. डी.एन.ए.चे तुकडे होतात. मग सगळ्या पेशीच्या छोट्या छोट्या पुड्या बांधल्या जातात आणि शेजारच्या पेशी त्या गिळतात. काही सांडत नाही, सूज येत नाही. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी या दुसऱ्या प्रकाराला ‘ॲपोप्टोसिस’ असे नाव दिले. हा ग्रीक शब्द झाडावरून पान गळण्यासाठी वापरतात. पान गळते तेव्हा झाड आजारी नसते. पानगळ हा त्याच्या जगण्याचाच भाग असतो. आपण याला ‘नियोजित पेशीमृत्यू’ म्हणू.

तुमच्या हाताची बोटे बघा. आईच्या पोटात असताना सुरुवातीला तुमचा पंजा बदकाच्या पायासारखा होता. बोटांच्या मध्ये पडदा होता. त्या पडद्यातल्या पेशी मेल्या, म्हणून बोटे सुटी झाली आणि आज तुम्हांला पेन धरता येते.

सी. एलिगन्स नावाचा एक मिलिमीटरभर लांबीचा कृमी आहे. जननपेशी सोडल्या, तर त्याच्या वाढीत १,०९० पेशी जन्मतात. त्यांतल्या १३१ ठरलेल्या वेळी मरतात आणि उरतात ९५९. प्रत्येक कृमीत त्याच १३१! कोणती पेशी मरायची हे ज्या जनुकांच्या आज्ञेने ठरते, त्यांसारखीच जनुके माणसातही आहेत. या संशोधनाबद्दल सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मरण रोज चालूच असते. आतड्याचे अस्तर काही दिवसांत बदलते, कातडीचा वरचा थर महिन्याभरात. तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस टिकतात आणि मग प्लीहा व यकृत त्यांची विल्हेवाट लावतात. मोठ्या माणसात त्या सुमारे २५ लाख कोटी असतात. १२० दिवसांचे सेकंद करा आणि भागाकार करा. उत्तर येईल सुमारे २४ लाख. म्हणजे दर सेकंदाला २४ लाख तांबड्या पेशी जातात आणि तितक्याच नव्या येतात! हा जमाखर्च जन्मभर जुळत राहतो, म्हणून आपण निरोगी असतो.

आणि तो जुळला नाही तर?

शिस्त विसरलेल्या पेशी

बुवापाड्याहून अंबरनाथ स्टेशनवर येऊन धीमी लोकल पकडली, की तासाभराहून थोड्या अधिक वेळात परळ येते. तिथे १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. वर विचारलेल्या प्रश्नाचा आपल्याकडे बारकाईने अभ्यास झाला तो या ठिकाणी. त्या अभ्यासातले एक मोठे नाव म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

कमलताईंचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. एम.एस्सी.साठी त्यांनी विषय निवडला तो सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा. म्हणजे पेशीत डोकावण्याची सुरुवात झाली ती आपल्या परसातल्या झाडापासून! पुढे मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली काम करून त्यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. नंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी काचपात्रात जिवंत ठेवून वाढवण्याची विद्या, म्हणजे ऊतिसंवर्धन, शिकल्या.

हे गे म्हणजे तेच, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली एक विलक्षण गोष्ट घडली. हेन्रिएटा लॅक्स नावाच्या ३० वर्षांच्या बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. तिच्या गाठीतल्या पेशी गे यांनी काचपात्रात वाढवल्या आणि त्या थांबेचनात! ५० वेळा झाले, १०० वेळा झाले, तरी विभाजन चालूच. लॅक्स त्याच वर्षी ऑक्टोबरात वारली. तिच्या पेशी मात्र ‘हेला’ या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत. त्या घेताना तिची परवानगी कोणी विचारली नव्हती. विज्ञानाला तिचे ऋण आणि ही चूक, दोन्ही लक्षात ठेवावी लागतील.

कर्करोगाचे स्वरूप या पेशींत उघडे दिसते. शेजारणी टेकल्या तरी त्या थांबत नाहीत. गुणसूत्रांची झिजणारी टोके त्या पुन्हा बांधून घेतात. मरण्याचा हुकूम आला तरी ऐकत नाहीत. बशीत थरावर थर चढवतात आणि शरीरात गाठ करतात. गाठीतली पेशी बाहेरून आलेली नसते. आपलीच पेशी थांबणे आणि मरणे विसरलेली असते.

मुंबईला परतल्यावर कमलताईंनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतातली ही अशी पहिली प्रयोगशाळा मानली जाते. स्तनांच्या कर्करोगावर त्यांनी उंदरांत प्रदीर्घ काम केले. संप्रेरके, आनुवंशिकता आणि विषाणू यांचा त्याच्याशी कसा संबंध येतो, हे त्यांनी तपासले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्या निवर्तल्या. ज्या संस्थेत त्यांनी काम केले, तिचे संशोधन आता नवी मुंबईत खारघर येथे चालते.

टपरीवरची पुडी

पेशी शिस्त विसरते तरी का? त्यांचे गुरू खानोलकर यांनी १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. धोतर नेहमी एकाच जागी घट्ट कसणाऱ्या काही लोकांना कमरेवर नेमक्या त्याच जागी कातडीचा कर्करोग होत असे. तंबाखू आणि चुना खालच्या ओठात धरून ठेवणाऱ्यांना तो ओठातच होई. जिथे रोजची इजा, तिथे रोग!

यामागचे कारण आता तुम्हीच सांगू शकाल. इजा झालेल्या जागी पेशींना पुन्हा पुन्हा विभागावे लागते. प्रत्येक विभाजनात डी.एन.ए.ची नक्कल करावी लागते आणि प्रत्येक नकलेत चुकीला वाव असतो. तंबाखूतली काही रसायने तर थेट डी.एन.ए.लाच धक्का लावतात. एखादी चूक झाली तर पेशी ती दुरुस्त करते. दुरुस्त झाली नाही, तर बहुधा स्वतःच मरून जाते. हे काम करणाऱ्या पहारेकऱ्यांत ‘पी-५३’ नावाचे प्रथिन मुख्य आहे. पण चुका साचत साचत एक दिवस या पहारेकऱ्याच्याच जनुकात चूक झाली, तर? मग अडवणारा कोणी उरत नाही. असे व्हायला सहसा बरीच वर्षे लागतात. म्हणूनच तंबाखूची पुडी तोंडात टाकणाऱ्या मुलाला ‘मला काही होत नाही’ असे खरोखरच वाटते. हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून सुरू झालेला असतो. सुपारीही निर्दोष नाही. तिने तोंडाचे अस्तर ताठर होते आणि तोंड पूर्ण उघडेनासे होते.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. पण मशेरी आणि तंबाखू-चुना अनेक घरांत आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे. घरातल्या कोणाच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत बरे न होणारे व्रण दिसले किंवा तोंड कमी उघडू लागले, तर त्यांना दंतवैद्याकडे किंवा डॉक्टरांकडे घेऊन जा. लाजू नका आणि थांबू नका. लवकर कळलेला तोंडाचा कर्करोग बरा होण्याचा संभव पुष्कळ जास्त असतो. मोठी माणसे शिक्षकांचे ऐकत नाहीत, डॉक्टरांचे ऐकत नाहीत. पण नातवाचे कधीकधी ऐकतात!

या पावसाळ्यात डबक्यापाशी गेलात, तर काठावर नखाएवढे बेडूक बसलेले दिसतील. काहींच्या मागे शेपटीचा छोटासा ठिपका अजून उरलेला असेल. एखाद्या धाकट्या भावंडाने विचारलेच, “याची शेपटी गेली कुठे?”, तर त्याला सांगा, ती त्याच्या पायांत गेली, पाठीत गेली, उडीत गेली. ती वेळेवर गेली, म्हणूनच हा बेडूक झाला.